शालूला घेऊन जाफराबादला

९ जानेवारी, बटुमी

आज एका माणसाचं नाक फोडलं.

मार्श्रुत्का म्हणजे इथली काळीपिवळी, शेअरची गाडी. कुताइसीहून निघाल्यापासून शेजारच्याचा गुडघा सरकत होता. मी सरकले, तो सरकला. मग मांडीवर हात. आधी इंग्रजीत सांगितलं, मग मोठ्यानं मराठीत. तो हसला. स्टीलची बाटली माझ्या हातातच होती – एकच फटका! कर्रकन आवाज आला. रक्त त्याच्या जाकिटावर, माझ्या पँटवर, खिडकीच्या काचेवर. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, आणि खाली कोणाला उतरवलं? त्याला! मागच्या सीटवरच्या म्हातारीनं मला सफरचंद दिलं. काहीतरी बोलली. शाब्बास असं असावं.

बोलिव्हियात बस लुटली तेव्हा मी सीटखाली तोंड खुपसून रडले होते. मोरोक्कोत मोबाईल ओढणाऱ्याच्या मागे धावले, पण सापडला असता तर काय केलं असतं ठाऊक नाही. आज कळलं. 

पुण्याची नोकरी सोडून निघालेली शीतल आणि ही शीतल समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओळखणार नाहीत.

११ जानेवारी, बटुमी

पंजा सुजलाय. लिहिताना दुखतो.

दादाला फोनवर सगळं सांगितलं. केवढ्यानं हसला! "अजून एक ठेवून द्यायची होती! अंगदची बहीण हाये म्हणावं." दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यालाही सांगितलं त्यानं – आमच्या शितूनं परदेशात एकाचं थोबाड फोडलं म्हणून. बाबा गेल्यापासून मला जे काही मिळालं ते दादामुळे. या प्रवासालाही आई नाहीच म्हणत होती. दादा म्हणाला होता, "जाऊ दे तिला. पोरगी हाये म्हून काय झालं?"

आता शेवटचे काही आठवडे. ते घरच्याच जिल्ह्यात काढायचे ठरवलेत. इन्स्टावर लिहिलं तसं – एकवीस देश हिंडले आणि जाफराबादला एकदाही उतरले नाही! बॅग पाठीवर, एसटी, जीप, जमेल तिथे पायी. मग संपलं.

१७ जानेवारी, जालना

पोचले. स्टेशनवर दादा, त्याचे मित्र, हार, फटाके! लाज वाटली आणि रडूही आलं. मस्तगडच्या गल्लीत सगळे दारात उभे. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हणाली, "किती काळी पडलीस." बास, एवढंच.

शालूवहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. मीच आत गेले. मिठी मारली तर एकदम अंग आखडलं तिनं.

१९ जानेवारी

वहिनीच्या मनगटावर निळे डाग.

"काय झालं?"

"तेल उडालं, ताई."

तेल चार बोटांच्या आकारात उडतं का?

२० जानेवारी

हे लिहायलाच हवं. नाहीतर उद्या मला वाटेल, झालंच नव्हतं.

दादा दुकान बंद करून दुपारी जेवायला येतो. बी-बियाणांचं दुकान, सध्या गर्दी नाही. जेवला, माझ्याशी बोलिव्हियाच्या बटाट्यांवर गप्पा मारल्या. मग आत गेला. वहिनीला हाक मारली. दार लागलं.

आधी त्याचा आवाज, अगदी खालच्या पट्टीत. मग गादी झोडपल्यासारखा आवाज. एक. थांबून परत एक. गादी असती तर मधे माणसाचा श्वास ऐकू आला नसता.

मी उठले. त्याच क्षणी आईनं मिक्सर लावला.

घरभर घुर्रर्र. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बघितलं – भांडं रिकामं. आत काहीच नाही! आई झाकणावर हात दाबून भिंतीकडे तोंड करून उभी. मिक्सर तापल्याचा वास यायला लागला तरी चालूच. आतला आवाज बंद झाला तेव्हा तिनं बटण बंद केलं. तिला बरोबर कळलं कधी बंद करायचं ते.

दादा बाहेर आला. बेसिनवर हात धुतले. "शितू, च्या घेती का?"

मी घेतला. चहा घेतला मी!

२१ जानेवारी

आईला विचारलं.

"रोज लावतेस का मिक्सर?"

"शेजारी ऐकतेत."

"म्हणजे तुला शेजाऱ्यांची पडलीय?"

भाजी निवडत होती. वर बघितलं नाही. "तू चार दिसाची पाव्हणी. तू जाशील पुण्याला. मला हितंच राह्यचंय. तिलाबी."

"आई, तो मारतो तिला."

"मला सांगू राह्यली का तू?"

आईला मारावंसं वाटलं. खरंच. हात वर यायला निघाला होता. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी स्वतःला फार शहाणी समजणार नाही.

२२ जानेवारी

दुकानात जाऊन दादाशी बोलले. शटर अर्धं ओढून घेतलं त्यानं आणि युरियाच्या गोण्यांवर बसून रडला. पोरासारखा. "डोकं फिरतं माझं, शितू. मंग मलाच कळत न्हाई. तू हायेस तर सुधरीन बघ मी. तुझी शप्पथ."

संध्याकाळी जिलबी आणली. वहिनीला ड्रेस. सगळ्यांसमोर तिला घास भरवला. तिनं खाल्ला आणि हसली. नाटक करत होती असं वाटलं नाही मला – हसलीच!

मग मी कोण मधे पडणारी?

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर दादाच्या मित्रमंडळानं सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. पहिल्या रांगेत दादा, आई, वहिनी. वहिनीनं लांब बाह्यांचा ब्लाउज घातलेला.

भाषणात मी काय काय बोलले! बाईनं एकटीनं फिरावं, भीती ही वाटते तेवढी मोठी नसते, वगैरे. बटुमीचा किस्सा सांगितला. शिट्ट्या पडल्या.

मग एका कॉलेजच्या मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, सगळ्यात धोक्याची जागा कोणती वाटली?"

माझी नजर दादावर गेली. तो कौतुकानं माझ्याकडे बघत होता. वहिनी खाली बघत होती.

मी म्हणाले, "बोलिव्हिया."

टाळ्या!

 मग काय अंगात आलं देव जाणे, माइक सोडलाच नाही. म्हणाले, "शेवटचा टप्पा आपल्याच जिल्ह्यात करणार आहे. भोकरदनला जाणार. आणि या वेळी एकटी नाही, शालूवहिनीला घेऊन जाणार! दादानं मला सोडलं, तसा तो तिलाही सोडणार." परत टाळ्या. दादाचे मित्र त्याच्या पाठीवर थापा मारत होते. दादाही टाळ्या वाजवत होता. त्याची मान मात्र लाल झाली होती.

२७ जानेवारी

डाव्या हातानं बॅग उचलता येत नाही. उजव्या करंगळीला पट्टी. अक्षर वाकडं येणार.

मी नको ते केलं काल. मार तिला पडला.

"तुला फिरायचंय? माझ्या बहिणीचे कान भरती?" – दार उघडंच ठेवलं होतं आज त्यानं. मला दिसावं म्हणून. केस धरून ओट्याच्या कडप्प्यावर कपाळ आपटलं तिचं. ती ओरडली नाही. पहिल्या फटक्याला "अं" एवढंच. दुसऱ्याला तेही नाही.

मी बाटली घेऊन धावले. तीच बाटली. पूर्ण ताकदीनं फिरवली. दादानं हवेतच मनगट पकडलं. हसला. "हात उगारायला तुला शिकीवलं कोणी?" – आणि करंगळी मागे वाकवली. सावकाश. टक्क.

बटुमीतल्या माणसाला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. दादाला माहीत आहे की लहानपणी आंब्यावरून पडून माझा डावा खांदा निखळला होता. त्यानंच मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. त्यानं तोच खांदा धरला.

मी खाली बसून ओरडत होते आणि लाइट नव्हती. मिक्सर चालेना. आई मोरीत जाऊन बादलीत नळ सोडून बसली. बादली भरून वाहिली तरी सोडलेलाच.

२८ जानेवारी

डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडले.

बाहेर आल्यावर वहिनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून नीट हसली. कपाळाला टाके, एक डोळा बंद. "ताई, आता तुमीबी पडल्या."

पोलिसांचं काढलं मी. म्हणाली, "मी गेल्ते एकदा. चौकीत बसवलं, पाणी दिलं, आन् ह्यांनाच फोन लावला – घिऊन जा म्हणून. त्या दिवशी घरी आल्यावर काय झालं ते इचारू नका."



"माझ्याबरोबर चला. खरंच चला," म्हणाले.

"कुठं?"

"भोकरदन."

"आन् मंग?"



३० जानेवारी, भोकरदन

निघालो!

दादाला नाही म्हणता आलं नाही. मित्र रोज विचारत होते – वहिनी कधी निघणार? कपाळाचं काय झालं विचारलं तर मोरीत पाय घसरला. वहिनीचा फोन त्यानं स्वतःकडे ठेवून घेतला, "हरवंल तिच्याकडून" म्हणून. स्टँडवर सोडायला आला. खिडकीशी उभा राहून हसत, आजूबाजूला लोक असताना, गोड आवाजात तिला म्हणाला, "रविवारी आली न्हाई तर बघ."

बस हलल्यावर ती मागे वळून वळून बघत होती. मला वाटलं त्याला बघतेय. म्हणाली, "गाडी मागं येते का बघू राह्यले."

लॉजवर खोली घेतली. दाराला कडी लावली, खुर्ची लावली. तिनं खुर्चीवर माझी बॅगही ठेवली.

१ फेब्रुवारी, भोकरदन

बाजारात हिंडलो. शालूनं – तिला वहिनी म्हणणं बंद केलं, माझ्याहून लहान आहे ती! – एका गाड्यावर गरम भजी खाल्ली. प्लेट संपली. दुसरी मागितली. तीही संपवली. मग एकदम घाबरून माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "तिसरी?"

गाड्यावरच्या बाईला काही कळेना, आम्ही दोघी का हसतोय.

दुपारी खोलीवर पडल्या पडल्या तिनं सांगितलं. छताकडे बघत, जसं काही शेजारच्या कोणाचं सांगतेय. तीन वर्षांपूर्वी दिवस गेले होते. पाचवा महिना. जेवणात केस निघाला. त्यानं पोटात लाथ घातली. "आत्याबाईंनी," म्हणजे माझ्या आईनं, "रिक्षा केली. डॉक्टरला सांगितलं, भारी हंडा उचलला म्हणून. पोरगी होती."

मला तेव्हा काय सांगितलं होतं? दादानं फोन केला होता, रडत. "देवानं नेलं, शितू." मी पुण्यात होते. मीही रडले होते. त्याच्यासाठी!



२ फेब्रुवारी, जाफराबाद

रविवार.

भोकरदनच्या स्टँडवर जालन्याची बस लागलेली होती. शालू तिच्या दाराजवळ जाऊन उभी राहिली.  मी ठरवलं होतं, तिला ओढायचं नाही. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढा न्हाईतर बाजूला व्हा."

ती बाजूला झाली.

पाच मिनिटांत आम्ही जाफराबादच्या जीपमध्ये होतो. माणसं दाटीवाटीनं, मांडीवर कोणाची तरी शेळी. दोन्ही बाजूंना हरभरा, गहू. शालू पूर्ण रस्ता माझा दुखरा हात धरून बसली होती. इतकी दुखली करंगळी! सोडवला नाही.

सत्यशीलाकडे उतरलोय. कॉलेजातली माझी मैत्रीण, इथे शाळेत आहे, एकटीच राहते. फोनवर फार सांगितलं नव्हतं. शालूचं कपाळ बघितलं आणि काही विचारलंच नाही तिनं. म्हणाली, "रहा. दाराला आतून कडी हाये, आन् बाहेरून मी हाये."

दादाचे बावीस मिस्ड कॉल. फोन बंद केला.

४ फेब्रुवारी

सकाळी नदीकडे गेलो. येताना तीन कुत्री अंगावर आली. मी इतक्या देशांत शिकलेली युक्ती केली – खाली वाकायचं, दगड उचलल्यासारखं करायचं. दोन पळाली. तिसरं दात काढून शालूकडे झेपावलं.

बोरीची फांदी पडलेली होती. तिनं उचलली आणि हाणली. कुत्रं कोलमडलं. तिनं परत हाणली. परत. ते लंगडत बांधावर जायला बघत होतं, ही मागे गेली. हातातली फांदी मोडली तरी तुकड्यानं मारत होती. तोंडातून आवाज नाही. डोळे कोरडे. मी मागून उजव्या हातानं कवेत धरून तिला मागे ओढलं तेव्हा थांबली. काटे रुतून तळहात रक्तानं भरला होता.

"ताई, थांबताच येईना."

कुत्रं मेलं नसावं. मी वळून बघितलं नाही.

रात्रभर मला वाटत राहिलं, हिच्या आत किती साठलंय आणि ते कुठे जाणार.

६ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे. मूर्ख. मूर्ख!

काल इन्स्टावर एक फोटो टाकला. गावाचं नाव नाही, शालू नाही, फक्त मी आणि चहाचा कप. लोक विचारत होते, शेवटचा टप्पा कुठपर्यंत आला. सव्वा वर्षाची सवय! मागे एसटीची पाटी. जाफराबाद. इतकं ठळक की आंधळ्याला दिसावं.

आज दादाचा व्हॉइस मेसेज. अगदी मऊ आवाज. "शितू, मी रागावलो न्हाई. उद्या आईला घिऊन येतो. आई समजूत काढंल. घरचं घरात मिटवू."

सत्यशीला म्हणाली, उद्या सकाळी लवकर निघा. चिखलीला जाणारी जीप फाट्यावर मिळते, चिखलीत तिच्या ओळखीची वकीलबाई आहे. तिच्याशी बोलणंही झालं.

शालूनं संध्याकाळी तिघींच्या भाकरी केल्या. एकही करपली नाही.

८ फेब्रुवारी, संभाजीनगर, दवाखाना

भुवईवर टाके आहेत. डावा डोळा उघडत नाही. एका डोळ्यानं लिहितेय. क्रमानं लिहिते.

काल सकाळी फाट्याकडे चालत निघालो. दोघीच. सत्यशीलाला शाळा होती. ऊन नुकतं पडलेलं. समोरून दादाची पांढरी गाडी आली. तो इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. मागच्या सीटवर आई.

तो उतरला. दार हळूच लावलं. शालूला म्हणाला, "बस गाडीत."

शालू म्हणाली, "न्हाई."

त्याला ऐकूच आलं नाही बहुतेक. "काय?"

"न्हाई येत मी."

लग्नाला नऊ वर्षं झाली त्यांच्या. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. त्यानंही.

मी मधे आले. माझ्या पाठीवर बॅग होती, त्यानं बॅगेचा पट्टा धरून मला गरकन फिरवलं आणि सोडलं. रस्त्याच्या खडीवर तोंडावर पडले. उठायला गेले तर बूट आला. भुवईवर. नंतर बरगडीत. मग परत तोंडावर. "तुला जग दाखीवलं म्या! आन् तू माझी बायको पळीवती?" दोन्ही डोळ्यांत रक्त. काही दिसेना. गरम, चिकट, लाल.

पुढचं फक्त ऐकलं.

शालूच्या बांगड्या फुटल्या. ओढत नेल्याचा आवाज, चपला घासत. मग तिच्या घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज यायला लागला. तो आवाज बारीक होत गेला. दादा काहीच बोलत नव्हता. नुसता श्वास. गाडीचं दार उघडलं. आई ओरडली, "अंगद!" मग परत, "अंगद!"

मग एक थप्प. ओल्या मातीत काही पडावं तसा. लगेच परत एक.

मग हरभऱ्यातल्या साळुंक्या ओरडत होत्या, एवढंच.

बाहीनं डोळे पुसले. दादा बांधाला पालथा. डोक्याची मागची बाजू... नाही लिहीत. शालू त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसलेली, गळ्यावर बोटांचे वळ, दोन्ही हातांत बांधावरचा दगड. आई गाडीपाशी, पदर तोंडात कोंबून उभी.

"शालू, टाक तो."

टाकेना. मी रांगत गेले, तिची बोटं एकेक करून सोडवली, दगड ओढून घेतला आणि नाल्यात फेकला. माझ्या हाताला लागलं ते रक्त. लागू दे.

शेतातली माणसं धावत आली.

१० फेब्रुवारी

दादा मशीनवर. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही.

काचेतून बघते. डोक्याला पांढरं, तोंडात नळी. त्यानं मला सायकल शिकवली, मागे धावत धावत. त्यानं माझं बोट मोडलं. उठून बसावा असं वाटतं. उठूच नये असंही वाटतं. दोन्ही एकाच श्वासात.

शालू बायकांच्या वॉर्डात आहे. घसा आतून सुजलाय, आवाज फुटत नाही. तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, "पोलीस विचारतील. दगड मी मारला असं सांगणार आहे. तू काही बोलू नकोस. मान हलवायची नाही, काही नाही."

ती जोरजोरात मान हलवायला लागली. माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. काहीतरी म्हणायचं होतं तिला, नुसती हवा येत होती. मी म्हणाले, "झोप. ठरलंय माझं." डोळ्यांतून पाणी काढत राहिली.

आई बाहेर बाकावर. दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. मी तिच्याशी बोलत नाही. आज न राहवून म्हणालेच, "नऊ वर्षं भिंतीकडे बघितलंस. तिथेही गाडीतच बसायचं होतं!"

तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे.  मीच नजर वळवली.

११ फेब्रुवारी

पोलीस येऊन गेले. डॉक्टरांनी माझा जबाब नंतर घ्या सांगितलं. डोक्याला मार आहे म्हणून.

मनात घोकते आहे. त्यानं तिचा गळा धरला, मी उठले, दगड उचलला, दोनदा मारला. पाठ झालं. इतकं पाठ झालंय की हाताला दगडाचं वजन जाणवतं.

भीती वाटत नाही म्हटलं तर खोटं.

१२ फेब्रुवारी

पहाटे दादा गेला.

१३ फेब्रुवारी

पोलिसांच्या साहेबबाई आल्या. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून विचारलं, "मारलं कोणी?"

मी म्हणाले, "मी."

शेजारून आई उठली. पदर सारखा केला. "खोटं बोलून राह्यली ती. सून तर मरत होती, तिच्या अंगात कुठला जीव? माझ्या हातात दगड दिसू नये म्हून सुनंनं नंतर माझ्याकडून वढून घेतला. मारला म्या."

साहेबबाईंचं पेन थांबलं. "स्वतःच्या मुलाला?"

आई म्हणाली, "दोनदा हाक मारली त्याला. त्यानं सोडलं न्हाई."